गोधडीसाठी स्वयंपाकघरातून काय काय पळवलंत?

सुईनेढं

गेल्या पावसाळ्यात आईच्या कपाटातली सात सुती लुगडी माझ्याकडे आली. नेसवत नाहीत आणि कुणाला देववतही नाहीत. म्हटलं, गोधडी शिवू. हौसेच्या भरात ऑनलाइन सामान शोधलं. चक्राची सुरी, हिरवी चटई, पारदर्शक पट्ट्या, रंगीत चिमटे, खुणा करायचे पेन. बेरीज तीन हजारांच्या पुढे गेल्यावर लॅपटॉप मिटला आणि चहा टाकायला उठले. ओट्याशी उभी असताना लक्षात आलं की यातलं निम्मं सामान इथेच आहे, फक्त नावं वेगळी आहेत.

पहिला मान करंज्यांच्या कातण्याला. आमच्याकडे जुनं पितळी आहे, त्याचं चक्र अजून सैल फिरतं. कापडावर कार्बन, त्यावर कागदी बेत (कापायचा नमुना), आणि रेघेवरून कातणं फिरवलं की खाली नक्षी उमटते. शिंप्याच्या चक्रासारखे टोकदार ठिपके येत नाहीत, बारीक नागमोडी रेघ येते, पण सुई चालवायला तेवढी पुरते. दोन गोष्टी मात्र सांभाळा. खाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा, नुसत्या फरशीवर दाब बसत नाही. आणि कार्बन शिवणकामाचाच घ्या, पिवळा किंवा पांढरा. ऑफिसातला निळा-काळा कार्बन कापडावरून जाता जात नाही. (मला कसं माहीत, विचारू नका.)

दुसरा मान साबणाच्या चिपटीचा. आंघोळीचा साबण झिजून नखाएवढा पातळ झाला की दोन दिवस कोरडा होऊ द्यायचा. गडद कापडावर त्याची कड खडूपेक्षा बारीक चालते. मलई-बिलई घातलेला गुळगुळीत साबण नको, त्यावर इस्त्री फिरली की तेलकट डाग पडतो.

तिसरं, जुने एक्स-रे. साच्यासाठी पुठ्ठा वापरला तर वीस-पंचवीस तुकड्यांनंतर कडा झिजतात आणि षटकोन हळूहळू गोल व्हायला लागतो. एक्स-रेची फिल्म झिजत नाही आणि कातरीने कापता येते. आमच्या गोधडीचे सगळे षटकोन बाबांच्या डाव्या गुडघ्यातून निघाले आहेत.

तुम्ही काय काय पळवलंय ते लिहा. माझ्या मते तीन गोष्टींत मात्र जुगाड करू नये: सुई, कापडाची कातर आणि मशीनचं तेल. बाकी सगळं घरात मिळतं.


कंपासपेटी

मस्त धागा! माझ्याकडून बांगड्या.

वर्तुळांसाठी सगळे वाट्या-पेले घेतात, पण वाटीचा काठ बाहेर वळलेला असतो, पेन्सिल तिथे डुगडुगते. बांगडी कापडावर सपाट बसते, आणि मुख्य म्हणजे तिचं माप ठरलेलं असतं. दुकानात आपण 'दोन-चार', 'दोन-सहा' म्हणतो ते दशांश नव्हे. दोन इंच आणि वर चार सोळांश, सहा सोळांश. म्हणजे दोन-चारची बांगडी आतून सव्वादोन इंच, दोन-सहाची २.३७५ इंच आणि दोन-आठची बरोबर अडीच इंच. आईच्या, माझ्या आणि भाचीच्या बांगड्या एकत्र केल्या तर आठव्या-आठव्या इंचाच्या फरकाचा वर्तुळांचा संच तयार. असाच संच विकत घ्यायला गेलं तर पाकिटात घालून पैसे घेतात.

खूण आतल्या कडेने करायची. आणि काचेची बांगडी नको, साधी धातूची किंवा प्लॅस्टिकची घ्या.


सुईनेढं

@कंपासपेटी, चाळीस वर्षं बांगड्या भरतेय आणि हे सोळांशाचं आज कळलं. मी आपली समजत होते, दुकानदाराचं काहीतरी गुप्त गणित असेल.


घाटाखालचा

मी पुरुष आहे, कोकणात राहतो आणि शिवतो. तिन्ही गोष्टींबद्दल गावात बोलून झालेलं आहे, तेव्हा मुद्द्यावर येतो.

आमच्याकडे मोठा शत्रू गंज. जून ते सप्टेंबर टाचण्या उघड्या ठेवल्या तर गणपतीपर्यंत त्या कापडावर तपकिरी ठिपके सोडतात. टाचण्या खोचायच्या उशीत काय भरावं यावर मी बरेच प्रयोग केले. तांदूळ भरला, त्यात टोके झाले. भांडी घासायची तारेची घासणी भरा म्हणजे सुया धारदार राहतात असं एका व्हिडिओत पाहिलं. आमच्या हवेत ती घासणीच आधी गंजली. शेवटी आजीचा उपाय केला: विंचरताना निघणारे केस. धुऊन वाळवलेले नाही घ्यायचे, तेलाचा अंश राहिलेलेच घ्यायचे. त्या तेलकटपणाने सुई सरकते आणि गंज दूर राहतो. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण वरून दुहेरी खण लावला की कुणाला काही कळत नाही.

टाचण्या सांडल्या तर फुटलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक. ते स्टीलच्या वाटीच्या बुडाला खालून चिकटवतो. वाटी चांगल्या स्टीलची असेल तर चुंबक तिला धरत नाही, मग चिकटपट्टी लावायची. टाचण्यांना ओढ वाटीतून आरपार लागतेच. वाटी उलटी झाली तरी एकही पडत नाही.


उगाचएकप्रश्न

नाडी ओवायला दात घासायचा जुना ब्रश कुणीच कसा लिहिला नाही? शेपटाला भोक असलेला. दांडा चुलीवर जरा मऊ करून ब्रशाचं डोकं तोडून टाकायचं, टोक दगडावर घासायचं. भोकात नाडी, आणि निघाला ब्रश नेफ्यातून सफरीला. सेफ्टी पिनेसारखा मध्येच उघडत नाही. आमच्या घरी तो एकच ब्रश गेली पंधरा वर्षं आहे आणि परकर, पायजमे, लेंगे सगळे त्याच्यावर चालतात.

हल्लीच्या ब्रशांना भोकच नसतं. प्रगती म्हणतात ती हीच.


नऊवारी

+१ ब्रशाला.

@सुईनेढं, सात लुगडी म्हणजे तुमच्याकडे खजिना आहे. अजून फाडली नसतील तर थांबा. लुगडं नऊ वार, म्हणजे ३२४ इंच. त्याचे तीन वारांचे तीन तुकडे करा, प्रत्येक १०८ इंच लांब. पन्हा ४५ इंचांच्या आसपास असतो. दोन तुकडे काठाला काठ जोडले की माया (शिलाईत जाणारी कड) सोडून जवळजवळ ८९ बाय १०८ चा एक थर मिळतो, दोघांच्या पांघरुणाला भरपूर. तिसरा तुकडा वरच्या ठिगळांना किंवा मगजीला (कडेच्या पट्टीला). म्हणजे दोन लुगड्यांत वरचा-खालचा दोन्ही थर होऊन दोन तुकडे हातात उरतात. सगळी सातच्या सात षटकोनांत चिरून टाकू नका हो, काठ तरी सलग दिसू द्या.

थर पसरायचे तेव्हा आमच्याकडे चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि चौथ्या कोपऱ्यावर घरातलं जे मूल हाताशी असेल ते. मग मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढायच्या आणि वीत-वीत अंतरावर कच्चा दोरा टाकायचा.


सुईनेढं

फाडली नाहीत अजून! म्हणजे दोनच फाडली. उरलेली पाच तुमच्या हिशेबाने. काठ सलग ठेवते, शब्द देते.


मशीनचा_मुलगा

बाबांचं मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून तेलाच्या मुद्द्याला कडक अनुमोदन. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात आमच्याकडे 'मशीन अचानक जड झालं' म्हणून जी गिऱ्हाइकं यायची, त्यांतल्या बऱ्याच जणांनी घरचं खोबरेल तेल घातलेलं असायचं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. मे महिन्यात मशीन लोण्यासारखं चालतं आणि थंडीत त्याच लोण्याचा गोळा होतो. वर धाग्यांची धूळ बसली की चिकट काळा राब तयार होतो. बाबा सगळं उघडून रॉकेलमध्ये ब्रशाने धूत बसायचे. बाटलीतलं मशीनचं पांढरं तेल अगदी स्वस्त असतं, ते घ्या.

घरातल्या ज्या वस्तू मशीनला चालतात त्या सांगतो. कापड पुढे सरकवणाऱ्या दातांखालची धूळ काढायला रंगाचा बारीक ब्रश. तोंडाने फुंकर मारू नका, श्वासातला ओलावा आत जातो. आणि गोधडीसाठी दोऱ्याचा मोठा कोन आणला तर तो घरच्या मशीनच्या खुंटीवर बसत नाही. कोन चहाच्या जड मगात ठेवा, मग मशीनच्या मागे. मशीनच्या पाठीला वरच्या बाजूला एक सेफ्टी पिन चिकटपट्टीने उभी लावा आणि तिच्या गोल डोळ्यातून दोरा घेऊन पुढे नेहमीसारखा ओवा. दोरा सरळ वर उचलला जातो, झटके बसत नाहीत.

शिलाईची रेघ सरळ येत नसेल तर सुईपासून पाव इंचावर मुदत संपलेलं एटीएम कार्ड चिकटवा. कापडाची कड कार्डाला घासत गेली की माया आपोआप सारखी सुटते. फक्त दातांवर आणि डबीच्या झाकणावर कार्ड येऊ देऊ नका, नाहीतर बॉबिन बदलताना दर वेळी काढावं लागेल.


चौरसफूट

माझी फजिती लिहितो, हसून घ्या.

मोठा कापडी थर काटकोनात कापायला घरची फरशी उत्तम, असं माझं संशोधन. दोन बाय दोनच्या टाइल्स, सांधे सरळ रेषेत, आणखी काय हवं? बायकोने वरचा थर टेपने मोजून ९६ इंच केला. खालचा मी चार टाइल्स मोजून कापला. जोडायला बसलो तर माझा थर जवळजवळ दीड इंच आखूड!

दोन फुटी म्हणून विकतात ती टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे २३.६ इंच. प्रत्येक टाइलमागे पाव इंचाहून जास्त मार. काटकोन पाहायला फरशी वापरा, मापाला टेपच घ्या. व्यवसायाने मी सिव्हिल इंजिनिअर आहे हे बायकोने आलेल्या-गेलेल्या सगळ्यांना सांगितलंय, म्हणून इथे लपवत नाही.


बर्फाळ

मिनेसोटाहून. इकडे खुणा करायला बऱ्याच जणी मुलांचे ते पेन वापरतात, ज्याचं लिखाण घासलं की पुसलं जातं. त्याची शाई उष्णतेने अदृश्य होते, साधारण ६० अंशांना, त्यामुळे इस्त्री फिरवली की गोधडी स्वच्छ. मीही वापरला. नणंदेच्या बाळासाठी दुपटं केलं, पांढरं, त्यावर बारीक कमळं. इस्त्री केली, कागदात बांधलं आणि जानेवारीत रात्रभर गाडीच्या डिकीत राहिलं. सकाळी तिच्या घरी उघडलं तर सगळ्या रेघा, बाणाच्या खुणा, कडेला मी लिहिलेलं 'इथे चुकलंय' सगळं परत!

ही शाई नाहीशी होत नाही, तिचा फक्त रंग जातो. उणे १० अंशांच्या खाली ती पुन्हा दिसायला लागते. तिथल्या तिथे नणंदेची इस्त्री मागून घेतली आणि बाळाच्या बारशाला मी इस्त्री करत उभी. महाराष्ट्रात हा धोका नाही, पण परदेशी पाठवायचं दुपटं असेल तर साबणाची चिपटीच बरी. माझ्याकडे आता चिपट्यांचा डबा आहे, नवरा त्याला मिठाईचा डबा समजून एकदा फसला.


तर्कटपंथी

सगळ्यांचं कौतुक आहेच, पण विरोधी सूर लावतो. चक्राची सुरी एकदा घ्याच. चार थर एका दमात सरळ कापले जातात, ते कातरीने होत नाही. जुगाडाच्या हट्टापायी मनगटं दुखवून घेण्यात काय अर्थ? १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने ही सुरी काढली, त्यानंतर ठिगळकामाचा वेगच बदलला. गंमत म्हणजे त्याच मंडळींची आधीची सुरी, पात्याचे तुकडे मोडत पुढे सरकवायची ती, १९५६ ची. ती सुचली काचेच्या तुकड्यांवरून आणि खाचा पाडलेल्या चॉकलेटच्या वडीवरून, असं ते सांगतात. म्हणजे तुमच्याच पंथातले लोक. पण त्यांनी चॉकलेटने कापड कापत बसणं पसंत केलं नाही.


सुईनेढं

@तर्कटपंथी, पटलं. घेतली. खाली चटईच्या ऐवजी पोळपाट वापरला, तर आता पोळीवर बारीक रेघा उमटतात. सासूबाईंनी काल पोळी उजेडात धरून पाहिली आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. चटईही मागवली आहे. काचेच्या टीपॉयवर कापू नका, एका दुपारीत पातं बोथट झालं. थोडक्यात, माझी तीन वस्तूंची यादी पाच वस्तूंची झाली.


हल्याळकर

उत्तर कन्नडहून लिहितोय, घरी मराठी. आमच्या यल्लापूर-हल्याळ भागात सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. हा आफ्रिकेतून आलेल्यांच्या वंशजांचा समाज. त्यांचं काम जवळून पाहिलंय, आणि या धाग्यावर सांगावंसं वाटतं की त्यांच्याकडे यांतलं काहीही नसतं. साचा नाही, खडू नाही, पट्टी नाही. खाली जुनी साडी अंथरायची, कोपऱ्यापासून चिंध्या दुमडून लावत जायच्या, धावदोरा घालत कडेकडेने फिरत फिरत आत यायचं. शेवट मधोमध. समोरचा तुकडा जेवढा, तेवढीच जागा. चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले छोटे तुकडे लावतात, त्याला 'फुला' म्हणतात. फुलाशिवाय कवंदी उघडी-बोडकी दिसते असं एका आजींनी मला सांगितलं होतं.

एकच साधन पाहिलं: बोटाला सायकलच्या ट्यूबची रबरी चकती. जाड थरांतून सुई अर्धी बाहेर आली की ओल्या घामट हातातून निसटते, रबराने धरली की सरकन निघते. ट्यूबचा बोटभर तुकडा कापा, तर्जनीत घाला. अंगुस्तान सुई ढकलायला, ट्यूब ओढायला.


कंपासपेटी

ट्यूब! आजच पंक्चरवाल्याकडून हातभर घेऊन आले, त्याने पैसेही घेतले नाहीत. काम झकास. वासाची सवय व्हायला वेळ लागेल.

रच्याकने, ज्यांना नेढ्यात दोरा ओवताना दिसत नाही त्यांनी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून सुई त्याखाली धरा. किंवा जुन्या वायरच्या आतली केसासारखी तांब्याची तार दुमडा, दुमड नेढ्यातून घाला, तिच्या फाशात दोरा अडकवा, मागे ओढा. दोरा ओवायची जत्रेतली पत्र्याची राणी दुसऱ्याच दिवशी मोडते, ही तार मोडली तर दुसरी घ्यायची.


सुईनेढं

धागा वर काढतेय, अडीच महिन्यांनी. गोधडी झाली!

मधला भाग षटकोनांचा, चारही बाजूंना लुगड्यांचे सलग काठ (नऊवारी, बघताय ना). षटकोनांच्या आत घालायला जाड कागद लागतो, त्यावर कापड दुमडून कच्चा दोरा टाकायचा, कडा एकमेकींना शिवायच्या आणि मग कागद काढून घ्यायचा. त्याला लग्नपत्रिकांसारखं दुसरं काही नाही. घरात अडतीस पत्रिका निघाल्या. चकाकी लावलेल्या बाजूला ठेवा, ती कापडाला लागते आणि नंतर घरभर दिसते. इंग्लंडमधल्या जुन्या गोधड्यांत असे कागद आतच राहून गेलेले सापडतात, पत्रांचे, वह्यांचे तुकडे. त्यावरून गोधडी कुठल्या काळानंतरची ते कळतं.

हे सांगायचं कारण, आमच्याही एका षटकोनात कागद राहिलाय. डाव्या कोपऱ्याजवळ. रात्री कूस बदलली की चुरचुरतो. कुणाच्या लग्नाची पत्रिका आहे कोण जाणे, वरून चाचपून 'चि. सौ. कां.' लागतंय का तेही पाहिलं. आतून-बाहेरून टाके पक्के झालेत, म्हटलं राहू दे.


नऊवारी

गोधडी देखणी झाली असणार, फोटो टाका. पण कागद राहू देऊ नका. पहिल्या धुण्यात लगदा होईल आणि पत्रिकेचा रंग सुटेल. लाल असेल तर आजच उसवा.


सुईनेढं

नखाने एक टाका सैल करून डोकावले. लाल आहे. उसवते.